पूनम गेटवरची पोरं, गल्लीचा ग्रुप आणि माझी अडचण

मागवाला_पूर्वभाग (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री ११:४०

माग बंद करून आत्ताच घरी आलोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेले पाच शुक्रवार ती आणि तिच्यासारखी दहा-बारा पोरं संध्याकाळी आपल्या सोलापुरात पूनम गेटसमोर हवामान बदलावरचे बोर्ड घेऊन तासभर उभी राहतात. घोषणा नाहीत, रस्ता अडवणं नाही. बोर्डावर 'पत्र्याखालच्या उन्हाचा हिशोब कोण देणार?' असलं काहीतरी. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला आणि सुरू झालं. 'पोरीला आवरा.' 'परदेशी फॅड आहे.' 'पैसा कुठून येतो ते बघा.' नात्यातल्या एका मामांनी तर फोन करून विचारलं, पुढे स्थळं बघायची आहेत ना? कॉलेजातूनही तोंडी समज मिळाली. लेखी काही नाही, कारण लेखी द्यायला गुन्हा कुठला ते त्यांनाही सापडलं नसावं.

मी तिला 'जा' म्हणालो नाही आणि 'थांब'ही म्हणालो नाही. का, ते सांगतो. आमचा टॉवेलचा छोटा कारखाना, आठ माग, वर पत्रा. सुती धागा कोरडा पडला की तुटतो. ताण्याचा (उभा) एक धागा तुटला की माग थांबतो, कामगार वाकून गाठ मारतो, परत चालू. वडिलांच्या वेळी एप्रिल-मेमध्ये फरशीवर पाणी मारायचं, गोणपाटं ओली करून खिडक्यांना लावायची, तेवढ्यावर भागायचं. आता फेब्रुवारी संपायच्या आत गोणपाटं माळ्यावरून काढावी लागतात. आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. मग गोणपाट भिजवायचं की घरी हंडा भरायचा? गेल्या उन्हाळ्यापासून मी दुपारी बारा ते चार माग बंद ठेवतो आणि रात्री चालवतो. मजुरी विणलेल्या मीटरवर असते, त्यामुळे कामगाराची झोप गेली तरी त्याला रात्री यावंच लागतं. मला हवामानशास्त्र कळत नाही. मी गाठी मोजतो, त्यावरून सांगतोय.

पण बोर्ड घेऊन उभं राहून काय होणार, हे मलाही उमगत नाही. सरळ बोला. फक्त पोरीवर घसरू नका, ती इथे वाचते.

---

का_बे | रात्री ११:५२

पहिल्याच पोस्टीत पाणी, पोरगी आणि पैसा! शंभरी गाठणार बे हा धागा. शेंगा घेऊन बसलोय.

---

बहात्तर_पाहिलेला | बुधवार, सकाळी ६:१०

मागवाला, राग मानू नका, पण कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं.

सोलापूरला ऊन काय नवीन आहे? हा पट्टाच पर्जन्यछायेचा. सह्याद्रीनं सगळं अडवलं की उरलेलं आपल्याला, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची कोठारं उघडली ती काय मोटारींच्या धुरामुळे पडलेल्या दुष्काळात? मी १९७२ पाहिलाय. बारा वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, मी पाटी उचलायचो. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्लीय. भाकरी थापताना फाटायची, आई शिव्या द्यायची आणि डोळे पुसायची. तेव्हा कुणी बोर्ड धरला नव्हता. रोजगार हमी त्या दुष्काळातून उभी राहिली, ती काम मागणाऱ्या हातांमुळे.

आता हे शुक्रवारचं खूळ आलंय कुठून? २०१८ साली स्वीडनची एक मुलगी शाळा बुडवून संसदेसमोर बसली. तिकडची माणसं ऊन खायला सुट्टी काढून परदेशात जातात, त्यांनी आपल्याला उन्हाचं सांगायचं? लंडनला २०२२ मध्ये पोरींनी सूर्यफुलांच्या चित्रावर सूप ओतलं. हेच का आंदोलन? भारतात माणशी कार्बन डायऑक्साइड निघतो साधारण दोन टन, अमेरिकेत चौदाच्या आसपास. बोर्ड तिकडं धरा. आपल्या फताटेवाडीत ६६० मेगावॉटचे दोन संच कोळशावर चालतात, पोरं मोबाईल त्याच विजेवर चार्ज करतात ना? एक दिवस बंद करून बघा मग.

---

का_बे | सकाळी ८:३०

आजोबा पेटले. (मिलो ज्वारीचं आमची आजीपण सांगते, डिट्टो.)

---

शुक्रवारची | सकाळी ९:०५

मी मागवाला काकांची मुलगी नाही, तिच्या शेजारी उभी असते ती. तिनं सांगितलंय की ती लिहिणार नाही, नाहीतर बाबा वाचताना अवघडतील.

बहात्तरकाका, तुमच्या आईचं वाचून थांबले जरा. पण दुष्काळ नवीन आहे असं आमच्यापैकी कुणीच म्हणत नाही. आम्ही म्हणतो की जुन्या दुखण्यावर नवीन ताप चढलाय. हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखानदारी सुरू होण्याआधी दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२०च्या वर आहे. हवाई बेटावरच्या डोंगरावर १९५८पासून मोजतात, अंदाज नाही तो. आणि हा वायू उष्णता धरतो हे युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून १८५६ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे १८५७च्या बंडाच्या आदल्या वर्षी. शुक्रवारचं खूळ नंतरचं.

दोन टन विरुद्ध चौदा टन हे एकदम बरोबर. पण ते दोन टन सरासरीनं काढलेले. होटगी रोडच्या बंगल्यातले तीन एसी आणि कुंभारीच्या वसाहतीतली विडी वळणारी मावशी, दोघींच्या नावावर सारखेच दोन टन? मावशी दुपारी दार उघडं टाकून उंबऱ्यात बसते, कारण आत पत्रा तापतो. पंखा लावला तर तंबाखू उडते. हे मी ऐकून नाही लिहीत, माझी आजी आहे ती.

सूप आम्ही ओतलं नाही. आमच्याकडे सूपही नाही. आणि पैसा कुठून येतो विचारणाऱ्यांसाठी: बोर्ड टॉवेलच्या खोक्यांचे आहेत, मागवाला काकांच्याच कारखान्यातले. तेवढाच आमचा देणगीदार. 😄

---

मागवाला_पूर्वभाग | सकाळी ९:२०

तरीच म्हटलं खोकी कुठं जातात.

---

जर्मनीकर_सोलापूर | दुपारी १:१५

इकडे काही वर्षांपूर्वी पोरं रस्त्याला हात चिकटवून बसायची. मी ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, मनातल्या मनात सोलापुरी शिव्या घातल्या. म्हणजे बहात्तरकाकांचा वैताग मला समजतो. पण त्यांच्या मागण्या वाचल्या तर त्यात एक होती महामार्गावर वेगमर्यादा, दुसरी स्वस्त रेल्वे पास. क्रांती वगैरे काही नाही. तुमची पोरं तर रस्ताही अडवत नाहीत. मग अडचण नक्की कशाची? मुली आहेत, एवढीच?

---

डाळिंबवाली_सांगोला | दुपारी २:४०

शहरातल्या लोकांनो, मी जरा वेगळं बोलते.

पोरांचं कौतुक हाय. पण शुक्रवारी उभं राहायला आम्हाला सुट्टी कुठं? माझी तीन एकर डाळिंबं हायत. बहार धरायचा म्हणजे काय ते सांगते. बागेला पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, मग पाणी सोडलं की कळी निघती. सगळा खेळ कोरड्या दिवसांवर. बाग ताणावर असताना मधीच पाऊस आला की ताण मोडला. हस्त बहार धरला आणि पाऊस लांबला की तेल्या. पानावर तेलकट ठिपका दिसला की समजायचं, आता फळ उकलणार. औषध मारायचं, पावसानं धुऊन न्यायचं, परत मारायचं. मागच्या दोन बहारात औषधाच्या बिलानं माझं कंबरडं मोडलं. नक्षत्र बघून बाग धरायची हे सासऱ्यांनी शिकवलं, आता नक्षत्राला बी काही कळंना.

आणि पूर म्हणाल तर २०२५च्या सप्टेंबरात सीना काय आली ते माझ्या माहेरी विचारा. मोहोळ तालुका. तिथं सीना म्हणजे उन्हाळ्यात पायी ओलांडायची नदी. पाणी ओसरल्यावर भाऊ रानात गेला तर रानच न्हाई. माती खरवडून नेलेली, खाली नुसता मुरूम. पंचनाम्यात पिकाचं नुकसान लिहितात. मातीचं कितीही लिहिलं तरी, ती साठायला किती पिढ्या गेल्या ते कुठल्या रकान्यात बसवणार?

म्हणून बदल झाला का न्हाई यावर भांडू नका, आम्ही रोज बघतो. पण पोरांनी एक सांगावं. बोर्डावर उसाचं नाव का न्हाई?

---

का_बे | दुपारी २:४८

ऊस काढला. संपलं. आता खरा धागा चालू.

---

पाटकरी_निवृत्त | दुपारी ४:३०

पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं.

उजनी धरण ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), पण त्यातलं साधारण चौसष्ट टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी. शून्याच्या खाली गेलं की वर्तमानपत्रात 'उजनी मायनस' छापतं. २०२४च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या घरात गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भरून भीमेत पाणी सोडावं लागलं. दोन-अडीच महिन्यांत दोन्ही टोकं. बहात्तरराव म्हणतील एल निनो, म्हणजे पॅसिफिक समुद्र अधूनमधून तापतो ते. २०२३चा पाऊस त्यानंच मारला, मान्य. पण एल निनो पूर्वीही यायचा. आता तो आधीच तापलेल्या समुद्रावर येतो. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. पाऊस धरून ठेवायचा आणि मग एकदम ओतायचा, हे त्यातून होतं. धरणाचे दरवाजे ज्या जुन्या पावसाच्या नोंदी धरून आखले तो पाऊस आता तसा राहिला नाही.

मात्र सगळं हवामानावर ढकलणंही चूक. उजनी भरते ती पुणे जिल्ह्यातल्या पावसावर आणि वरच्या धरणांतून सुटणाऱ्या पाण्यावर. रिकामी होते ती आपल्यामुळे. साडेपाचशे मिलिमीटरच्या जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने! पाटानं पाणी दिलेल्या उसाला या पावसाच्या चौपट पाणी लागतं. आणि आता उसापासूनचं इथेनॉल म्हणजे हिरवं इंधन म्हणे. पेट्रोल वाचलं, पाण्याचं काय?

---

बहात्तर_पाहिलेला | सायंकाळी ५:५०

उसावर बोलणं सोपं आहे. ज्वारीला भाव द्या, उद्या सोडतो. मालदांडीची भाकरी सगळ्यांना हवी, हुरडा पार्टीला पुण्याच्या गाड्या येतात, पण काढणीला बाई मिळत नाही. ऊस बांधावर उभा राहून होतो, वर्षाकाठी एक रक्कम हातात येते, पोराची फी भरता येते. माझाही दोन एकर आहे. त्यामुळे मला शहाणपण शिकवू नका.

---

शुक्रवारची | सायंकाळी ६:१५

डाळिंबवाली ताई, खरं उत्तर देते. उसाचं नाव लिहिलं होतं. मग पुसलं. आमच्यातल्या निम्म्या पोरांची फी उसावर भरली जाते. एकीचे वडील कारखान्यात कामाला आहेत, ती म्हणाली, हा बोर्ड घेऊन मी घरी जाऊ शकत नाही. दोन तास वाद झाला, शेवटी मतदान, पुसायच्या बाजूनं सहा, विरुद्ध पाच. मी पाचातली होते. अजून राग आहे मला.

---

माळावरचा | रात्री ९:३०

या पोरांशी माझंही एक भांडण झालंय, ते इथं सांगतोच.

जानेवारीत यांनी जाहीर केलं की नान्नजच्या बाजूला एका गायरानात पाचशे रोपं लावणार. मी फोन करून सांगितलं, लावू नका. यांना वाटलं मीच पर्यावरणाचा शत्रू.

अरे, ती जागा ओसाड नाही, माळ आहे! पवन्या, मारवेल, कुसळी ही तिथली गवतं. काळवीट तिथं चरतं, लांडगा तिथं पिल्लं घालतो, धाविक आणि चंडोल हे पक्षी उघड्यावर अंडी घालतात. झाड उभं केलं की त्यावर घार-कावळा बसणार आणि खालची अंडी संपणार. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य केलं, आणि मग हिरवळ दिसावी म्हणून त्याच माळांवर गिरिपुष्पाची झाडं लावली गेली. माळढोक हा उघड्या माळावर लांबवर नजर लागणारा पक्षी, झाडीत कशाला येईल? कार्बनचंच म्हणाल तर गवत तो मुळांत आणि मातीत साठवतं. वणवा लागला तरी बराचसा जमिनीखालीच राहतो.

'झाडे लावा' हे इतकं डोक्यात बसलंय की माळ दिसला की माणसाला पडीक दिसतो. इंग्रजांच्या महसुलानं तसं लिहिलं, आपण अजून तेच वाचतो. पोरांनी फेसबुकवर मला बरंच ऐकवलं. असो.

---

शुक्रवारची | रात्री ९:५५

असो काय, पुढचंही सांगा की काका! आम्ही भांडलो, खरंय. मग तुम्हीच न्यायला आलात. तिथल्या मेंढक्या आजोबांनी विचारलं, 'हितं झाडं लावून आमची मेंढरं कुठं न्यायची, तुमच्या कॉलेजात?' आम्ही गप्प. रोपं परत आणली. त्यातली दीडशे एका झेडपी शाळेच्या पटांगणात आहेत, बाकीची माझ्या गच्चीवर वाळतायत. आईचा रोज जप चालू असतो.

---

वकिली_शिकतोय | रात्री १०:४०

माळढोकावरून एक महत्त्वाची गोष्ट राहिली. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकाचा हक्क आहे, राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येणारा. हे कुठल्या खटल्यात? माळढोकाच्याच. राजस्थान-गुजरातेत विजेच्या तारांना आपटून माळढोक मरतात म्हणून तारा जमिनीखालून न्या, असा २०२१चा आदेश होता. सरकार म्हणालं, मग सौरऊर्जा कशी उभी करायची? न्यायालयानं सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली, आणि ते करताना हा हक्क सांगितला. म्हणजे हक्क मिळाला तो पक्ष्याच्या तारा वरच ठेवताना. माळावरचा काकांना हे गोड लागणार नाही.

आणि पोरांनी काय होतं विचारणाऱ्यांसाठी: पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये वर्गात एक कल्पना काढली. ती वानुआतू देशानं उचलली, संयुक्त राष्ट्रांत गेली आणि जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की हवामानाचं रक्षण ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. मत बंधनकारक नाही, पण वकिलाला हातात धरायला कागद मिळाला. आपल्याकडे रिधिमा पांडे नऊ वर्षांची असताना २०१७ मध्ये हरित लवादात गेली. याचिका फेटाळली गेली, हेही सांगतो. आणि २०२१ मध्ये बंगळुरूच्या दिशा रवी या हवामान कार्यकर्तीला एका टूलकिटवरून (आंदोलनाची ऑनलाइन माहितीपत्रिका) अटक झाली होती, दिल्लीच्या न्यायालयानं जामीन दिला. त्यामुळे मागवाला काकांची भीती अगदीच वेडगळ नाही.

---

संपादक | रात्री ११:१०

पक्ष आणि नेत्यांच्या नावांनी आलेले चार प्रतिसाद उडवले आहेत. धागा उन्हाचा आहे, निवडणुकीचा नाही.

---

पाटकरी_निवृत्त | गुरुवार, सकाळी ७:००

अवांतर. मे १९३० मध्ये आपल्या गावात रूपाभवानीच्या बाजूला सत्याग्रहात शिंदीची झाडं तोडायला लोक गेले, गोळीबार झाला, त्यातून मार्शल लॉ आणि पुढे चार हुतात्मे. तेव्हाही 'पोरं बिघडली' म्हणणारी मंडळी पेठांत असणारच. झाडं तोडण्यावरून पेटलेल्या गावात आता झाडं लावू नका म्हणून भांडण चाललंय, गंमत वाटली.

---

बहात्तर_पाहिलेला | सकाळी ७:४५

हुतात्म्यांशी तुलना नको. तेवढं पथ्य पाळा.

बाकी, शुक्रवारचीचा मतदानाचा किस्सा वाचला. सहा विरुद्ध पाच. खोटं बोलली नाही पोरगी, हे बरं केलं. उसावर बोर्ड धरायचा तर माझ्या बांधावर येऊन धरा, पूनम गेटवर ऊस पिकत नाही. ठिबकला अनुदानाचा अर्ज करून किती दिवस झाले ते मी दाखवतो, तेही लिहा त्या बोर्डावर.

---

का_बे | सकाळी ७:५१

आजोबांनी आमंत्रण दिलं बे!! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

मागवाला_पूर्वभाग | सकाळी ११:२०

सगळं वाचलं. काल मुलीनं तिच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणून कारखान्यात टांगला. दुपारी तीन वाजता, माग बंद असताना, पत्र्याखाली ४४ अंश. बाहेर सावलीत ३९. तिनं वहीत लिहिलं. माझा एक जुना कामगार, तेलुगू माणूस, फार बोलत नाही, तो बराच वेळ काचेकडे बघत उभा होता. मग मला म्हणाला, शेट, हे मेमध्ये परत लावा.

गल्लीच्या ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही. मामांचा फोन परत आला, उचलला नाही. उद्या पोरं उभी राहतील तेव्हा मी सूत आणायला त्याच बाजूला जाणार आहे, एवढं ठरवलंय. थांबेन की गाडी पुढं नेईन, माहीत नाही.

---

डाळिंबवाली_सांगोला | दुपारी १२:०५

थांबा की दाजी. गाडी काय पळून जातीय?

---

शुक्रवारची | दुपारी १२:३०

काका, उद्या नका येऊ, कारण आम्हीच उशिरा आहोत. आमच्या भागात उद्या पाण्याचा दिवस आहे, पाचव्या दिवशी येतंय, तेही संध्याकाळी. सातला भरून झालं की निघतो. तुमच्या मुलीला सांगा, थर्मामीटरची वही घेऊन ये. आणि दोन खोकी लागतील, मोठी.